नाखव्याचं कुंकू

तो रंग नव्हता, कुंकू होतं. हे वाक्य मी मराठीत सांगितलंय, इंग्रजीत सांगितलंय, फोनवर, माईकवर, आणि एकदा सुपरमार्केटात दुधाचा डबा हातात धरून एका अनोळखी बाईलाही सांगितलंय. समोरचा माणूस दर वेळी समजूतदारपणे मान हलवतो, आणि लगेच पुढचं वाक्य असं बोलतो, जसं काही मी तोंड उघडलंच नव्हतं. म्हणून आता लिहूनच काढते. निदान मध्ये कोणी बोलणार नाही.

आम्ही राहतो ते इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं बंदराचं गाव. मी इथल्या हॉस्पिटलात फार्मसिस्ट आहे. नवरा आयटीतला, सोमवारी ब्रॅकनेलला जातो तो गुरुवारी उगवतो. मुलगी एडिनबराला युनिव्हर्सिटीत. आई गेल्यावर मी बाबांना शिवडीहून इथे आणलं. व्हिसाचे नियम आवळायच्या आधी आणलं म्हणून जमलं. बाबांनी जन्मभर मुंबईच्या गोदीत क्रेन चालवली. उंच केबिनमध्ये बसून जहाजांच्या पोटातून माल काढणारा माणूस, तो इथे येऊन सेमी-डिटॅच्ड घराच्या खिडकीत शेजाऱ्याचं मांजर बघत बसायला लागला. बोलायला कोणी नाही, जायला ठिकाण नाही. मी कामावरून आले की ते विचारायचे, "आज बस वेळेवर होती का?" दिवसभरात त्यांनी माणसाशी बोललेलं तेवढंच. तरी रोज सकाळी मी त्यांना तसंच टाकून कामाला जायची.

मग त्यांना जहाज सापडलं.

आमच्या डॉकमध्ये एक जुनी युद्धनौका जपून ठेवलेली आहे. तोफा, डोलकाठ्या, दोरखंड, सगळं जागच्या जागी. शाळांच्या सहली येतात, टूरिस्ट येतात. बाबा एकदा बसपास घेऊन असेच भटकत तिथे गेले आणि पाटीवर वाचलं, की ही नौका मुंबईत बांधली, मलबारच्या सागाची. संध्याकाळी मी घरी आले तर दारातच उभे. कोट काढू देईनात. "पोरी, आपल्या गोदीतली आहे गं ती," म्हणाले. "इतकी वर्षं इथे उभी आहे आणि आपल्याला पत्ता नाही." त्या दिवशी त्यांनी भात दुसऱ्यांदा मागून घेतला.

पुढे ते तिथे वॉलंटियर झाले. दर शनिवारी. निळी जर्सी, गळ्यात पट्टा, पट्ट्याला फोटो असलेला पास. जर्सी हाताने धुवायचे, मशीनवर विश्वास नाही. शनिवारी सकाळी दाढी अशी गुळगुळीत, की लग्नाला निघालेत असं वाटावं. त्यांचं इंग्रजी गोदीतलं, मोडकंतोडकं, पण लोक थांबून ऐकायचे. घरी आले की रविवारपर्यंत गोष्टी पुरायच्या. कोणतं पोर तोफेत डोकावलं, कोणत्या म्हातारीने नांगराला मिठी मारली. उरलेला आठवडा ते त्या एका दिवसाच्या जोरावर ढकलायचे.

हे मी मुद्दाम आधीच सांगतेय. कारण पुढे जे झालं त्यात काय काय पणाला लागलंय हे सांगायला पुष्कळ लोक पुढे आले. देशाचा वारसा, इतिहासाचा न्याय, नौदलाची शान, आमचा म्हणे आत्मसन्मान. सगळं झूट. पणाला लागला होता तो माझ्या बाबांचा शनिवार.

जुन्या जहाजांच्या अगदी पुढच्या टोकाला कोरलेला लाकडी पुतळा बसवायची रीत होती. फिगरहेड म्हणतात त्याला. आमच्या जहाजाचा पुतळा म्हणजे एक पागोटेवाला माणूस, कमरेपासून वरचा. तपकिरी चेहरा, जाड मिशा, कानात सोनेरी कडी, आणि डोळे निळे. निळे कुठून आले विचारू नका, कोणा रंगाऱ्याच्या डब्यात तेवढाच रंग उरला असेल. बाबा त्याला नाखवा म्हणायचे. आमच्या कोकणात नावेच्या मालकाला नाखवा म्हणतात. सकाळी गेटमधून आत शिरताना वर बघून नमस्काराला कपाळाशी हात न्यायचे, मगच जिना चढायचे.

खरं सांगू का, मला तो पुतळा पहिल्यापासून आवडला नव्हता. ज्याने कोरला त्याने आपल्यासारखा माणूस जवळून पाहिलेला नाही, हे नाकाडोळ्यांवरून कळत होतं. आणि तोफांच्या पुढे एक काळा माणूस ठोकून ठेवायचा, हे काही कोणी मायेपोटी केलं नसणार. मी बाबांना एकदा तसं म्हटलंही. ते म्हणाले, "नसेल केलं मायेपोटी. पण दर्यात सगळ्यांच्या पुढे तोच होता ना. पहिली लाट त्यानेच अंगावर घेतली."

एका उन्हाळ्यात नाखव्याचं लाकूड आतून कुजतंय असं निघालं. क्रेनने त्याला खाली उतरवलं, शेजारच्या शेडमध्ये नेऊन उभा केला, आणि वर्षानुवर्षांचा रंग खरवडून काढला. उघडं लाकूड, निळे डोळेही गेले. डागडुजी करून, पुन्हा रंगवून परत चढवायचा असं ठरलेलं. तेवढ्यात एका काउन्सिलरने विचारलं, परत चढवायचाच कशाला? हा म्हणजे जिंकून आणलेल्या माणसांची ट्रॉफी आहे, असला अपमान गावाच्या दर्शनी भागात मिरवायचा का? झालं. सह्यांची मोहीम सुरू झाली. त्याला उत्तर म्हणून दुसरी मोहीम सुरू झाली. ज्यांनी आयुष्यात त्या जहाजाचं तिकीट काढलं नव्हतं, ते झेंडे घेऊन गेटवर उभे राहायला लागले, आमच्या इतिहासाला हात लावाल तर याद राखा. वॉर्डातली पोटनिवडणूक तोंडावर आलेली, त्यामुळे दोन्हीकडच्या उमेदवारांना अचानक लाकडी माणसाचा भलताच पुळका आला.

बाबा शनिवारी त्या गेटमधूनच आत जायचे. एका बाजूची पोरं त्यांना बघून हळव्या आवाजात म्हणायची, तुम्ही हे सहन करायची गरज नाही. दुसऱ्या बाजूचे त्यांच्या पाठीवर थाप मारून कॅमेऱ्यापुढे उभे करायचे, हे बघा, यांना कुठे काय वाटतंय? बाबा दोघांनाही गुड मॉर्निंग म्हणून आत जायचे. तुम्हाला काय वाटतं, असं एकाने, अगदी एकाने विचारलं असतं ना, तर मी आज इतकी तणतणत बसले नसते.

आता खंडेनवमीचं. ज्याच्या घरात कोणी कारखान्यात, गोदीत, वर्कशॉपमध्ये राबलंय त्याला हे सांगायला नको. दसऱ्याच्या आदल्या दिवशी अवजारांची पूजा. ज्या यंत्रावर आपला हात चालतो, जे आपल्या जिवाला सांभाळतं, त्याला हळद-कुंकू लावायचं, झेंडूचा हार घालायचा, नारळ फोडायचा, पाया पडायचं. गोदीत बाबांच्या क्रेनला त्या दिवशी नवरदेवासारखं सजवायचे. इथे आल्यावरही त्यांनी ते सोडलं नाही. माझ्या मिक्सरला, नवऱ्याच्या लॅपटॉपला, लॉनमोअरला, सगळ्यांना टिळे. नवरा म्हणायचा, बाबा, स्क्रीनला नको हां. जहाजावरही दर वर्षी जाऊन सुकाणूच्या चाकाला आणि नांगराला कुंकवाचं बोट लावून यायचे. संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसून टाकायचे. लोखंडावरचं, रंगावरचं कुंकू, पुसलं की गेलं. कोणाला कधी कळलंही नाही.

त्या वर्षी नाखवा खाली होता. इतकी वर्षं ज्याला मान वर करून बघितलं, तो पहिल्यांदा समोरासमोर. बाबांनी देवघरातला करंडा नेला होता. चाकाला लावलं, नांगराला लावलं, आणि शेडमध्ये जाऊन नाखव्याच्या कपाळाला टिळा लावला. कोरडं कुंकू राहीना म्हणून पाण्यात कालवलं. उघडं लाकूड ते, तहानल्यासारखं प्यायलं. वरचं पाणी ओघळलं ते नाकावरून खाली, मिशांवर, तिथून छातीवर.

हारही केला होता त्यांनी, आमच्या मागच्या दारातल्या कुंड्यांमधल्या झेंडूचा. तो त्यांनी नाखव्याच्या गळ्यात घातला, हात जोडले, आणि लगेच काढून घेतला. कारण शेडमध्ये फूल-पान न्यायला बंदी होती, किडे येतात आणि लाकडाला लागतात. वॉलंटियरांना शिकवलेला तो नियम बाबांना पाठ होता. कुंकवाचा नियम कोणी केलाच नव्हता, कारण असं कोणी करेल हे इथे कोणाच्या स्वप्नात नव्हतं. हार पिशवीत घालून त्यांनी घरी आणला आणि दुसऱ्या दिवसासाठी माझ्या गाडीला बांधून ठेवला. तो हार जर तिथे राहिला असता, तर आंधळ्यालाही कळलं असतं की ही पूजा आहे. संध्याकाळी फडकं घेऊन पुसायला परत गेले, तर गेटवर दोन्ही पार्ट्यांची झुंबड आणि पोलिसांनी शेड बंद केलेली. बाबा म्हणाले, उद्या पुसू.

उद्यापर्यंत कोणीतरी शेडच्या काचेतून फोटो काढला होता.

फोटो भयंकर होता, हे मी मान्य करते. अंधाऱ्या शेडमध्ये एक डोळे नसलेला माणूस, आणि कपाळापासून छातीपर्यंत रक्ताचा ओघळ. खाली लिहिलेलं, फिगरहेडवर लाल पेंटचा हल्ला. दसऱ्याच्या सकाळी मी श्रीखंड करायला चक्का बाहेर काढत होते आणि फॅमिली ग्रुपवर मुलीचा मेसेज आला. तोच फोटो. टाळ्यांचे हात, आणि खाली, "फायनली! कोणीतरी केली! प्राउड!" एडिनबरात तिच्या ग्रुपमध्ये सगळ्यांनी तो फॉरवर्ड केला होता. मी बाबांना दाखवला. त्यांनी चष्मा लावला, फोन लांब धरला, जवळ धरला.

"अगं, हे तर मी लावलंय," म्हणाले. आणि हसले. खरंच हसले, घाबरले नाहीत. "फोन कर त्यांना. त्यांना वाटतंय कोणी मारलं त्याला. आणि पोरीलाही सांग, आजोबाचं काम आहे म्हणावं."

पोरीला फोन केला. ती आधी हसली, मग म्हणाली, "मम्मा, मी ती पोस्ट केली. मी सगळीकडे पोस्ट केली." म्हटलं, मग काढ. काढली तिने. पण ती काढून काय होणार, तोवर ते कुठल्या कुठे गेलं होतं.

जहाजावर जायच्या आधी मी आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांना फोन केला. कौन्सिलमध्ये त्यांची ऊठबस असते, त्यांच्या शब्दाला तिथे वजन आहे, दोन ओळींचं पत्रक काढलं की प्रकरण मिटेल, असं मला वाटलं. ते म्हणाले, "वहिनी, सध्या अजिबात बोलू नका. इलेक्शनचं वातावरण आहे. दिवाळीचा हॉल कौन्सिलचा आहे. आपण शेवटी इथे पाहुणे आहोत."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पाहुणे? या गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या गोळ्या मी मोजून देते, त्यांना कोणती सकाळी आणि कोणती जेवल्यावर हे मी समजावते, त्यांच्या बायका माझ्याकडे रडतात, आणि मी पाहुणी? म्हटलं, तुमच्या हॉलमध्ये लेझीम खेळायचं तेव्हा संस्कृती लागते, फेटे बांधून फोटो काढायचे तेव्हा संस्कृती लागते, आणि एका म्हाताऱ्याने कुंकू लावलं तर शेपूट घालायचं? ते म्हणाले, तुम्ही फार इमोशनल होताय. मी फोन ठेवला. त्या दिवाळीला आम्ही मंडळात गेलो नाही आणि कोणी का आला नाहीत असं विचारलंही नाही.

बाबा आणि मी जहाजावर गेलो. तिथली मॅनेजरबाई चांगली आहे, हे आधी सांगते, म्हणजे मला कोणी आक्रस्ताळी म्हणणार नाही. चहा आणला, बिस्किटं आणली, बाबांना खुर्ची स्वतः ओढून दिली. बाबांनी सांगायला सुरुवात केली, आय पुट इट, मॅडम, इट इज पूजा. तर ती म्हणाली, आम्हाला माहीत आहे.

माहीत आहे. शेडमध्ये कॅमेरा होता. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी सगळं पाहिलं होतं, करंडा, टिळा, हार घातलेला, हार काढलेला, जोडलेले हात. आणि तरी सकाळी पत्रकारांना काय सांगितलं, तर चौकशी चालू आहे. मी विचारलं, का? ती खूप गोड आवाजात बोलली. आमच्याच वॉलंटियरने केलं म्हटलं तर एक बाजू म्हणेल तुम्ही निष्काळजी आहात. तो कोण आहे हे सांगितलं तर दुसरी बाजू त्यांच्या दारात येऊन उभी राहील. ट्रस्टींना वाटतं की काही न बोलणंच बरं. हे तुमच्या वडिलांच्या सुरक्षिततेसाठी आहे. आणि त्यांच्या सुरक्षिततेसाठीच त्यांनी काही काळ शनिवारी न आलेलं चांगलं. जर्सी आणि पास आत्ता द्यायची घाई नाही, सवडीने आणून दिलात तरी चालेल.

बाबांना सगळं कळलं. त्यांनी एवढंच विचारलं, "डाग निघेल का? मी येऊन पुसू का हळूच?" ती म्हणाली, नको, ते आता तज्ज्ञ बघतील.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. तिथे तिच्यासमोर काही बोलले नाही, कारण बाबा बिस्कीट खात होते. त्यांनी ते नको असताना घेतलं होतं, दिलेलं परत कसं करायचं म्हणून, आणि आता हळूहळू संपवत होते. मी त्या माणसाकडे बघत बसले आणि गिळलं सगळं.

गाडीत बसल्यावर त्यांनी सीटबेल्ट लावला. मग म्हणाले, "पोरी, तुझं इंग्रजी चांगलं आहे. एकदा सगळ्यांच्या समोर सांगून टाक. मी चोरी केली नाही. मग शनिवारचं काय व्हायचं ते होऊ दे."

कौन्सिलने पुतळ्याचं काय करायचं यावर जाहीर सभा ठेवली होती. नाव नोंदवलं की बोलायला दोन मिनिटं. मी करंडा घेऊन गेले. माझा नंबर आला तेव्हा मी माईकसमोर उभी राहिले, करंडा उघडला, बोट बुडवलं आणि स्वतःच्या कपाळाला लावलं. म्हटलं, हे बघा, हे आहे ते. पेंट नाही. माझ्या आईने रोज लावलं, माझ्या लग्नात लावलं, आणि माझ्या वडिलांनी ज्या क्रेनने आमचं पोट भरलं तिलाही लावलं. त्यांनी हल्ला केला नाही. निषेधही केला नाही. त्यांनी नमस्कार केला. जहाजाच्या संस्थेला हे पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

दोन-चार माना हलल्या. मला वाटलं, ऐकलं. मग मागून एक पोरगी उठली, माझ्या मुलीच्या वयाची, डोळ्यात पाणी, म्हणाली, हा प्रतिकाराचा किती ताकदवान प्रकार आहे. मी म्हटलं, अगं प्रतिकार नाही, पूजा. ती म्हणाली, एक्झॅक्टली. झेंड्यावाल्यांपैकी एक गृहस्थ उठले, म्हणजे आमच्या नौदलाच्या जहाजावर न विचारता धार्मिक विधी झाला तर? तिसऱ्याने विचारलं, ते विषारी असतं का, शाळेची मुलं येतात तिथे. सभेच्या अध्यक्षबाईंनी घड्याळाकडे बघून माझ्या अनुभवाबद्दल माझे मनापासून आभार मानले. आणि मी खुर्चीत बसते न बसते तोच पुढच्या वक्त्याने सुरुवात केली, त्या लाल पेंटच्या हल्ल्यानंतर आपण सगळेच...

बाबा घरी लॅपटॉपवर सभा लाइव्ह बघत होते. मी आले तेव्हा माझं कपाळ पुसायला पाणी आणून दिलं. म्हणाले, "चांगलं बोललीस. पण त्याने लगेच परत पेंटच म्हटलं गं." मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले. दुःखाने नाही, संतापाने. कोणाला धरून हलवायचं तेच कळत नव्हतं. खोटं बोलणारा एकही माणूस सापडत नव्हता. फक्त खरं कोणाच्याच उपयोगाचं नव्हतं.

त्यानंतर बसस्टॉपवर कोणीतरी बाबांकडे बोट दाखवून, तोच तो पेंटवाला, असं म्हणालं. दगड मारला नाही की शिवी दिली नाही. पण बाबा गावात जायचे थांबले. शनिवारी सवयीने दाढी करायचे, गुळगुळीत, आणि खिडकीत बसायचे. शेजाऱ्याचं मांजर अजून होतं. जर्सी मीच नेऊन दिली, त्यांनी धुऊन, इस्त्री करून ठेवलेली.

ख्रिसमसला मुलगी आली. आजोबांच्या पायाशी कार्पेटवर बसली. "आजोबा, मला माहीत नव्हती, आय स्वेअर," म्हणाली. तिचं मराठी असंच, स्त्रीलिंग-पुल्लिंग सगळं एका पातेल्यात. मग म्हणाली, आपण व्हिडिओ करू, तुम्ही तुमची स्टोरी सांगा, मी टाकते, सगळे बघतील. बाबांनी तिच्या केसांवरून हात फिरवला. "नको, बाळ. आधी तू मला न विचारता टाकलंस. आता विचारतेस, पण टाकतेसच." तिने फोन उलटा करून कार्पेटवर ठेवला. मी स्वयंपाकघरात होते, ऐकलं आणि हातातलं भांडं जरा जोरात आपटलं, म्हणजे त्यांना वाटावं की मी कामात आहे, ऐकत नाही.

शेवटी निवडणूक झाली, काउन्सिलर बदलला, झेंडे गेले, सह्याही गेल्या. नाखव्याला पुन्हा जहाजावर चढवायचं नाही आणि डॉकबाहेर हलवायचंही नाही, असा निकाल लागला. डॉकमधल्या गॅलरीत त्याला काचेच्या पेटीत ठेवला. जहाजाचं पुढचं टोक आता रिकामं आहे. ज्या दिवशी गॅलरी उघडली, बाबा म्हणाले, चल. तिकीट काढून गेलो, इतर सगळ्यांसारखे.

डाग पुसलेला नव्हता. तज्ज्ञांनी म्हणे ठरवलं, की डागही आता वस्तूच्या इतिहासाचा भाग आहे. मला क्षणभर बरं वाटलं. मग बाजूची पाटी वाचली. अलीकडच्या वादाच्या काळात अज्ञात निदर्शकाने लावलेला लाल रंग, असं लिहिलेलं. अज्ञात. माझ्या हाताला माईकचा थंडपणा अजून आठवत होता, मॅनेजरबाईंकडे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग होतं, आणि माझा बाप अज्ञात. मी तिथल्या तिथे तक्रार लिहिली. उत्तर आलं, अगदी नम्र, की पाट्यांच्या पुढच्या फेरआढाव्यात नक्की विचार करू. पुढचा फेरआढावा कधी हे लिहिलेलं नव्हतं. मी दोनदा विचारलंय. अजून उत्तर यायचंय.

मी पाटी वाचून फणफणत होते तोवर बाबा काचेजवळ गेले होते. त्यांनी अंगठा काचेवर ठेवला, बरोबर नाखव्याच्या कपाळाच्या उंचीवर. निळ्या जर्सीतला एक नवा वॉलंटियर हसतमुखाने जवळ आला, सर, प्लीज, काचेला हात लावू नका. बाबांनी हात झटकन मागे घेतला. "सॉरी," म्हणाले. रुमालाने काचेवरचा ठसा पुसला, आणि परत म्हणाले, "सॉरी." ज्या माणसाने त्या जहाजावर शेकडो लोकांना हाताला धरून फिरवलं, तो तिथे दोनदा सॉरी म्हणाला, आणि मला त्या हसऱ्या मुलाच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. त्याची काही चूक नव्हती. त्याचाच तर राग आहे, कोणाचीच काही चूक नव्हती.

यंदा दसऱ्याला मागच्या दारातल्या कुंड्या रिकाम्या होत्या. बाबांनी झेंडू लावलाच नव्हता. मी दुकानातून शेवंतीचा गुच्छ आणला, सुईदोरा घेऊन हार केला, आणि गाडीच्या बॉनेटवर टाकायला बाहेर निघाले. बाबा दारात आले.

"बाहेर नको," म्हणाले. "आत घाल. स्टिअरिंगला."

"का?"

"उगाच येता-जाता कोणाला काय वाटेल."

मी गाडीचं दार उघडलं. हार आत घातला. ते ड्रायव्हरच्या सीटवर बसले, दार लावून घेतलं, करंडा उघडला. स्टिअरिंगच्या मधोमध कुंकवाचं बोट लावलं आणि हात जोडले. मी बाहेरून काचेतून बघत होते. मग त्यांनी खिशातून टिश्यू काढला आणि कुंकू लगेच पुसून टाकलं. नीट, कडेकडेने, कुठे लाल राहिलं नाही ना ते वाकून बघत. आणि तो टिश्यू घडी करून पुन्हा खिशात ठेवला, आमच्या स्वतःच्या कचऱ्याच्या डब्यातही टाकला नाही.